तपासलेली वायर

ड्रायव्हरने सकाळी साडेनऊला गॅरेजच्या दारात ट्रक उभा केला आणि खाली उतरायच्या आधीच तोंड सोडलं. "मिस्त्री, ह्याचे हेडलाइट मनात येईल तेव्हा जातात आणि मनात येईल तेव्हा येतात. तीन ठिकाणी दाखवला. तिन्ही ठिकाणी म्हणतात, काही झालेलंच नाही. मग मी काय वेडा आहे का?"

"तुम्ही वेडे आहात की नाही ते डॉक्टर सांगेल," मिस्त्री म्हणाला. "ट्रक वेडा आहे का ते मी सांगतो. उतरा खाली."

ड्रायव्हर उतरला तशी केबिन चांगली दोन बोटं वर आली. गडी होताच तसा भरभक्कम. हा पायरीवर पाय ठेवायचा तेव्हा पायरी आधी विचार करायची. मिस्त्री त्याच्या अगदी उलट. अंगावर मांस म्हणून नाही, शर्ट हँगरला लावल्यासारखा खांद्यावर लोंबायचा. सगळा बाजार त्याला काडीमिस्त्री म्हणायचा. हे नाव त्याला त्याच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याने ठेवलं होतं, लग्नाला आठ दिवस झाले नव्हते तेव्हा, आणि ते त्याला जन्माचं चिकटलं.

ट्रक तीस वर्षांचा तरी असेल. निळा रंग, नंबर परगावचा, पत्र्याला ठिगळं. असल्या जुन्या डिझेल गाड्यांवर मिस्त्रीचा जीव होता. त्यांच्यात डोकेफोडीचं काही नसतं. एकदा इंजिन सुरू झालं की त्याला बॅटरीशी देणंघेणं नाही, ते आपलं डिझेल पीत धडधडत राहतं. विजेवर चालतात ते दिवे, हॉर्न आणि वायपर. म्हणजे चार वायरी, चार फ्यूज आणि त्यात माणसांनी वर्षानुवर्षं घातलेली घाण. घाण काढली की गाडी शहाणी होते, असं त्याचं म्हणणं.

तो स्वतः केबिनमध्ये चढला, सीटवर बसला, इंजिन सुरू केलं आणि दिवे लावले. लख्ख लागले. स्विच वरखाली केला, डॅशबोर्डवर थापा मारल्या, खाली उतरून फ्यूजची पेटी उघडली, एकेक वायर हलवून पाहिली, अर्थिंगच्या पट्ट्या घासून घट्ट केल्या. दिवे जाईनात. तासभर गेला.

"बघा," ड्रायव्हर म्हणाला, "आता तुम्हीही म्हणा, काही झालेलंच नाही."

"तुमच्या आधी कोण चालवायचं?"

"एक म्हातारा होता. सात वर्षं चालवला. तुमच्याच अंगाचा. त्याला कधी त्रास नाही. मी महिन्यापूर्वी हातात घेतला आणि पहिल्याच आठवड्यात उतारावर दिवे गेले. माझी तर बोबडीच वळली. इंजिन चालू, गाडी पळतेय, आणि पुढे काळंकुट्ट."

"तुम्ही बसा पाहू एकदा," मिस्त्री म्हणाला. असंच म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

ड्रायव्हर चढला, सीटवर बसला, आणि सीटने खाली कर्रकन आवाज केला. पुढचे दोन्ही दिवे विझले.

"गेले ना?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"उठा!"

ड्रायव्हर अर्धवट उठला. दिवे आले.

"बसा!"

गेले.

मिस्त्री खूष झाला. खरंच खूष झाला, हे नंतर त्याला आठवलं तेव्हा स्वतःचीच किळस आली. "अहो, दोष वायरीत नाही, तुमच्या जेवणात आहे!" असं म्हणून तो खदाखदा हसला, आणि ड्रायव्हरही बिचारा हसला. सीटचे चार बोल्ट काढून दोघांनी ती उचलून बाहेर ठेवली. सीटच्या पोटातली लोखंडी पट्टी तुटून खाली वाकलेली होती. तिच्या बरोब्बर खाली, पत्र्याच्या खाचेतून, दिव्यांच्या स्विचकडे जाणारी जाड लाल वायर. वरचं कव्हर शाबूत, ओरखडा नाही, जळल्याची खूण नाही. मिस्त्रीने मीटर लावला. वायर ठणठणीत. मग पट्टी जिथे टेकत असेल तिथे अंगठ्याने दाबली. मीटरचा काटा मेल्यासारखा खाली पडला. अंगठा काढला, काटा वर.

आतली तांब्याची तार तुटलेली होती. कव्हरच्या आत दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून बसली होती, आणि वजन पडलं की दूर व्हायची. कुणाला दिसणार?

त्याने टॉर्च जवळ आणला, आणि अंगठ्यापासून दोन बोटांवर त्याला तो ठिपका दिसला. डाळिंबी रंगाचा. धुळीखाली, पण अजून चकचकीत.

नेलपॉलिशचा ठिपका.

आता हे नेलपॉलिशचं सांगितलंच पाहिजे. मिस्त्री काम शिकत होता तेव्हा तपासलेली वायर कुठली आणि राहिलेली कुठली ह्याचा त्याच्या डोक्यात गोंधळ व्हायचा. म्हणून त्याने ताईच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली पळवली आणि वायर तपासून झाली की तिच्यावर एक ठिपका द्यायला लागला. तेलाने जात नाही, पाण्याने जात नाही. ताईने आधी कान पिळला आणि मग स्वतःच बाटली संपली की नवी आणून द्यायला लागली. रंग तोच, डाळिंबी. आसपासच्या पन्नास कोसांत असा ठिपका देणारा दुसरा मिस्त्री नव्हता. ठिपका म्हणजे त्याची सही. ठिपका म्हणजे, ही वायर मी पाहिली, हिच्यात दोष नाही.

तो केबिनच्या पायरीवर मटकन बसला.

"काय झालं हो? करंट बसला का?" ड्रायव्हरने विचारलं.

मिस्त्री उठला आणि स्क्रूड्रायव्हरने दाराच्या आतल्या कडेचा निळा रंग खरवडला. खाली पिवळा निघाला. त्या पिवळ्याखाली अजून एक जुना पिवळा. हाच ट्रक. नऊ वर्षांपूर्वीचा, त्याच्या भाऊजींचा ट्रक.

भाऊजी हा ट्रक अकरा वर्षं चालवत होते. ट्रक मालकाचा, पण बाजारात म्हणायचे भाऊजींचाच. केवढा माणूस! दारातून आत आला की खोली लहान व्हायची. खायचाही तसा आणि हसायचाही तसा. आणि एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, उतारावर त्यांची गाडी रस्त्याच्या कामात घुसली. रस्त्याच्या मुकादमाचा पाय गुडघ्याखालून गेला. भाऊजी पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, "दिवे आपोआप गेले. मी जागा होतो. दिवे गेले." पण चौकशीवाल्यांनी स्विच टाकला तर दिव्यांच्या वायरीत करंट येत होता. ते म्हणाले, डुलकी लागली असणार.

तेव्हा ताई मिस्त्रीकडे आली होती. "तू बघ," म्हणाली. "तू सांगशील ते खरं. मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

मिस्त्रीने दोन दिवस खपून वायर न् वायर पाहिली. सीट काढून बाहेर ठेवली, खालच्या वायरी हलवल्या, मीटर लावला, ठिपके दिले. सीट परत बसवून स्वतः वर बसूनही पाहिलं. आणि मग भरल्या घरात, भाऊजींच्या तोंडावर सांगितलं, "वायरिंगमध्ये काही दोष नाही. बहीण माझी असली तरी मी खोटं बोलणार नाही."

हे वाक्य त्याने पुढे किती ठिकाणी मिरवलं! गॅरेजात, चहाच्या टपरीवर, कोणी गिऱ्हाईक शंका घ्यायला लागलं की. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यासाठीसुद्धा खोटं बोललो नाही, तुमच्यासाठी कशाला बोलू? आणि लोक मान डोलवायचे.

भाऊजींचं लायसन गेलं. पण ते तरी परत मिळालं असतं. खरं गेलं ते वेगळंच. महिनाभराने त्यांनी 'दिवे गेले' म्हणणं सोडून दिलं. "हा म्हणतो म्हणजे माझाच डोळा लागला असेल," असं ताईला म्हणाले, आणि तिथून पुढे तेच धरून बसले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मुकादमाकडे जायचे, त्याच्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, माझा डोळा लागला, मला माफ कर. नऊ वर्षं! जो डोळा लागलाच नव्हता त्याची माफी!

सीट काढल्याशिवाय ती वायर दिसत नाही आणि सीट काढली की तिचा दोष दिसत नाही. आणि सीट लावून बसला कोण, तर बाजारातला सगळ्यात हलका माणूस. एवढी साधी गोष्ट. एखाद्या जाड माणसाला नुसतं बसवलं असतं तरी!

"मिस्त्री, सापडलंय ना?" ड्रायव्हर म्हणाला. "मग टाका जोडून. चारला मला माल भरायचाय."

जोडून टाकायला कितीसा वेळ? वीतभर तुकडा कापायचा, नवा डाखायचा, वर टेप. दहा मिनिटं. ट्रक परगावी जाईल आणि हे कुणाला म्हणून कळणार नाही. मिस्त्रीने पक्कड उचलली. पकडीचं तोंड वायरीवर ठेवलं. आणि हात तिथेच अडकला. आज ही वायर कापली की भाऊजी जन्मभर झोपलेलेच राहणार होते.

त्याने पक्कड फेकली. "चारच्या आत गाडी तुमच्या हातात देतो. पण तोवर हात लावायचा नाही. वायरीला नाही, सीटला नाही. मी आलोच."

"अहो पण—"

"आलोच म्हणतो ना!"

ताईचं घर बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. ती दारातच शिवणयंत्रावर बसलेली होती, उशांच्या खोळींचा ढीग शेजारी. भावाला पाहून तिने यंत्र थांबवलं नाही. नऊ वर्षांत ती त्याच्याशी भांडली नव्हती, तेच वाईट होतं. बोलायची, कपभर चहाही द्यायची, पण परक्याला द्यावा तसा.

"ताई, भाऊजी कुठे आहेत?"

"जेवतायत. सायकल स्टँडवर दोनला परत जायचंय त्यांना. का?"

"दोघंही चला. गॅरेजात. आत्ता."

"कोण गेलं?" तिने एकदम विचारलं. यंत्र थांबलं. त्याचा चेहराच तसा झाला असणार.

"कोणी नाही गेलं. ताई, माझी चूक झाली. मोठी चूक झाली. मला सांगता येत नाही, तुम्ही चला."

भाऊजी हात धुऊन बाहेर आले. "काय म्हणता, मिस्त्री?" म्हणाले. अपघाताच्या आधी ते त्याला तू म्हणायचे आणि काड्या म्हणायचे. त्यानंतर तुम्ही आणि मिस्त्री. किती सभ्यपणे माणूस माणसाला लांब ठेवतो! काही न विचारता त्यांनी चपला घातल्या.

वाटेत मिस्त्रीने सगळं सांगितलं. धडपडत, मागचं पुढे, पुढचं मागे करत सांगितलं. ताई रस्त्यातच दोनदा थांबली. भाऊजी थांबले नाहीत. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "तोच ट्रक?" आणि पुढे चालत राहिले.

गॅरेजात त्यांनी ट्रकला पुढून मागून पाहिलं. दाराच्या कडेचा खरवडलेला पिवळा रंग बोटाने चाचपला. तोवर मिस्त्रीने आणि ड्रायव्हरने सीट परत जागेवर ठेवून बोल्ट आवळले. इंजिन सुरू केलं. दिवे लागले, भर दुपारीही दिसतील असे. ताई पुढे बंपरसमोर जाऊन उभी राहिली, दिव्यांवर नजर लावून. ड्रायव्हरला कुणी काही नीट सांगितलं नव्हतं, पण तो बिचारा टोपी हातात घेऊन बाजूला उभा होता.

"बसा, भाऊजी."

भाऊजी चढले. पायरी, दांडा, सीट. नऊ वर्षांनी चढले तरी हात बरोबर जिथल्या तिथे गेले. बसले. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

दिवे गेले नाहीत.

"ताई?" मिस्त्री ओरडला.

"चालू आहेत," ताई म्हणाली.

"भाऊजी, जरा हला. जरा दाबून बसा."

भाऊजी हलले. सीट कुरकुरली देखील नाही.

"चालूच आहेत रे," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

भाऊजींनी खिडकीतून खाली पाहिलं. चिडले नाहीत. उलट समजूत घातल्यासारखे म्हणाले, "जाऊ द्या, मिस्त्री. तुम्ही तेव्हा म्हणालात तेच खरं. कशाला उगाच जिवाला लावून घेता? माझा डोळाच लागला होता."

आणि तेव्हा मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे रोज बाजारात दिसायचे, सायकलींच्या रांगेत स्टुलावर बसलेले, पण पाहिलं असं नव्हतं. शर्टाच्या बाहीतून मनगट निघालं होतं ते काठीसारखं. गळ्याशी कातडी सैल. कमरेचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे नवं भोक पाडून लावलेला. दारातून आला की खोली लहान करणारा तो माणूस कुठे गेला होता? सीटवर कोण बसलं होतं हे? दिवे घालवायला लागतं तेवढं वजनही त्यांच्या अंगावर उरलं नव्हतं. ते मिस्त्रीनेच खाल्लं होतं, एका वाक्यात.

ड्रायव्हर पुढे झाला. "मी बसून दाखवू का त्यांना?"

"नाही!" मिस्त्री म्हणाला. ड्रायव्हर बसला तर ड्रायव्हरचे दिवे जातील. भाऊजींचे जायला हवे होते.

तो दुसऱ्या दाराने केबिनमध्ये चढला, गिअरचा दांडा ओलांडून पलीकडे गेला आणि काही न बोलता सरळ भाऊजींच्या मांडीवर बसला.

"अहो, हे काय?" भाऊजी म्हणाले.

सीटने खाली कर्रकन आवाज केला.

"गेले!" ताई किंचाळली. "गेले! दोन्ही गेले!"

इंजिन चालू होतं. धडधडत होतं, काही झालंच नाही असं. समोरच्या काचेतून ताई दिसत होती, दोन्ही हात तोंडावर. मिस्त्रीने दार धरून अंग उचललं. "आले," ताई म्हणाली. तो परत टेकला. "गेले." ड्रायव्हर तोंड उघडं टाकून बघत होता.

"भाऊजी," मिस्त्री म्हणाला. मागे वळून त्यांच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. "आज आपण दोघं मिळून जेवढे भरतो, तेवढे तेव्हा तुम्ही एकटे होता."

भाऊजींचे हात अजून स्टीअरिंगवरच होते, मिस्त्रीच्या दोन्ही बाजूंनी. मग त्यांच्या तोंडून शब्द आले, अगदी हळू, कुणी झोपेतून उठवल्यावर बोलतो तसे.

"म्हणजे मी जागा होतो."

"होय."

"मी जागा होतो रे."

"होय, भाऊजी. तुम्ही जागे होता. झोपलो होतो तो मी."

"परत एकदा उठ," भाऊजी म्हणाले.

मिस्त्री उठला.

"बस."

तो बसला. ताईने पुढून सांगितलं. किती वेळा केलं कोण जाणे. गेले, आले, गेले, आले. ताई रडत होती आणि सांगायचं मात्र एकदाही चुकत नव्हती. शेवटी भाऊजीच म्हणाले, "उतर आता काड्या, मांडीला मुंग्या आल्या."

काड्या! मिस्त्रीला हुंदका आला तो त्या नावाने. एवढा वेळ कसाबसा दाबलेला सगळा बाहेर आला.

मग त्याने सीट काढली, लाल वायरीचा वीतभर तुकडा ठिपक्यासकट कापला आणि नवी वायर डाखली. सीटची पट्टी वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणली. साडेतीनला ड्रायव्हर वर बसला, मुद्दाम दोनदा आपटून बसला, दिवे हलले नाहीत. जाताना तो भाऊजींच्या पाया पडला. का पडला ते त्यालाही धड सांगता आलं नसतं.

मिस्त्रीने तो तुकडा भाऊजींच्या हातात दिला. ताई जवळ आली. "नऊ वर्षं, रे," एवढंच म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही, आणि त्यानेही मागितलं नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

भाऊजींनी वायर दोन बोटांत धरून वाकवली, सोडली, परत वाकवली. "मुकादमाकडे जायचं," ते म्हणाले.

"आज? आज रविवार नाही," ताई म्हणाली.

"आजच जायचं. आणि सांगायचं ह्याने." त्यांनी मिस्त्रीकडे बोट केलं. "मी त्याला नऊ वर्षं सांगत आलोय की माझा डोळा लागला. आता मी उलटं सांगितलं तर तो म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मीटर घे बरोबर. तुकडा त्याच्या हातात दे, आणि त्यालाच दाबून बघू दे."

मिस्त्रीने मीटर पिशवीत घातला. गॅरेजचं शटर अर्धं ओढलं. मग आठवण होऊन परत आत गेला, फळीवरची डाळिंबी नेलपॉलिशची बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. बाहेर ताई आणि भाऊजी त्याच्यासाठी थांबले होते.